गिळलेली धाप

पन्नास सालानंतरच्या दिवसांत कल्याणजवळच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी माणसांचा दम मोजत असे. जड कामावर घेण्याआधी प्रत्येकाची ही परीक्षा व्हायची. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पाठीवर रबरी कापडाची मोठी पिशवी, आणि पाय थकेपर्यंत स्टुलावर चढउतार. पिशवीत जमलेल्या हवेवरून शरीराने प्राणवायू किती घेतला ते मी काढायचो. नुकताच बी.एस्सी. झालो होतो, त्यामुळे तोरा काही विचारू नका.

एकदा ठाण्याच्या खाडीकाठचे एक आगरी काका आले. वय पन्नाशीचं. त्यांचं मिठागर बंद पडलं होतं आणि ही नोकरी मिळाली तरच घरची चूल पेटणार होती. अंगाने चांगले काटक. पण दोन मिनिटांत चेहरा काळानिळा पडला, ते थांबले, आणि पिशवी अर्धीसुद्धा फुगली नव्हती. मी वैतागलो. ‘दम कमी’ असं लिहायला टाक उचललासुद्धा.

"काका, श्वास का कोंडून धरता? सोडा की!"

त्यांनी नळी काढली, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, मिठागराव धापललेला दिसला का मुकादम दुसरे दिवशी कामाव घेयाचा नाय. डोक्याव पाटी घेऊन धावाचा न् धाप गिलाची. तीस वरसं गिललीय."

मी टाक खाली ठेवला. त्यांना पाणी दिलं, तासभर बसवलं, दाराला आतून कडी घातली.

"इथे मुकादम नाही. जितक्या धापा टाकाल तितकं चांगलं."

त्यांना पटेना. शेवटी मीच स्टुलावर चढउतार करून दाखवली आणि लगेचच माझी जीभ बाहेर आली. काका पोट धरून हसले.

मग ते उभे राहिले. आधी लाजत, मग मोकळे होत अशा काही धापा टाकायला लागले की पिशवी टम्म झाली. आकडे मी दोनदा तपासले. त्या दिवशीच्या सगळ्या तरण्या पोरांपेक्षा ते सरस होते. या माणसाला मी घरी पाठवायला निघालो होतो! मला माझीच लाज वाटली.

"काका, पास झालात. नोकरी पक्की."

त्यांचा श्वास अजून बसला नव्हता. तोंडावर हात धरून ते म्हणाले, "पन साहेब, मी धापललो ता कागदाव नका लिवू."