डोळे मिटून रागावणारे पास्टर

पुलगावात आमच्या शेजारी एक पास्टर राहतात. माणूस इतका भिडस्त, की कोणाला तोंडावर रागावणं त्यांना जमतच नाही. सगळा राग ते प्रार्थनेत काढतात, कारण तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात आणि त्याला मध्ये बोलता येत नाही. एका रविवारी चर्चमध्ये आमचे नगरसेवक आले, तर पास्टर म्हणाले, "हे प्रभू, आमच्या गल्लीत चार दिवसांपासून पाणी नाई. ज्यायले सांगतलं, ते मागच्या बाकावर बसून राह्यले. त्यायले सद्बुद्धी दे." सोमवारी पाणी आलं.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो. ताटं वाढली, डोळे मिटले.

"प्रभू, या अन्नासाठी धन्यवाद. जिनं हे वांगं केलं, तिले मिठाची आठोन राहू दे."

ते आमेन म्हणायच्या आत वहिनींचा आवाज आला. "आन् प्रभू, साऱ्या गल्लीले पाणी आणनाऱ्या या मानसाच्या घरचा नळ चार महिन्यांपासून गळून राह्यला. यायले पाना उचलाची शक्ती दे."

सगळ्यात मोठं आमेन पास्टरांचं होतं. मी हळूच डोळे उघडले, तर त्यांचं ताट तसंच होतं आणि मोरीतून पान्याची खटखट ऐकू येत होती.