मोडलेल्या पाटल्या

मदर्स डे ज्याने काढला, त्याला जयपूरच्या मे महिन्यात भर दुपारी हातात पुष्पगुच्छ देऊन उभं करायला हवं. मला तसं उभं केलं होतं, माझ्याच घरात आणि माझ्याच मुलाने. गुच्छात जर्बेरा, ऑर्किड आणि गुलाब, भोवती जाळीचा कागद, आणि पाकळ्यांवर चमकी मारलेली. मी चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. ताज्या फुलाला चमकी फासणाऱ्याला मी पहिल्याच वर्षी नापास केलं असतं. पण समोर विहीणबाई बसल्या होत्या आणि सून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, म्हणून हसले.

मग मुलाने लाल मखमली डबी पुढे केली. आत कुंदनचा हार आणि झुमके, मागच्या बाजूने हिरवी-लाल मीनाकारी. विहीणबाई म्हणाल्या, "कितना सुंदर!" सुंदर होताच, इथल्या कारागिरांच्या हाताला नावं ठेवायची माझी काय बिशाद. पण मी असलं भरगच्च काही कधी घालत नाही, हे मुलाला पस्तीस वर्षांत कळायला हरकत नव्हती. तरी आया जे म्हणतात तेच मी म्हटलं, "कशाला एवढं केलंस?"

तो खुशीत होता. "जास्त काही नाही गं आई. मतलब, सोनं तर तुझंच आहे. लॉकरमधले ते पुराने कडे होते ना, घिसलेले? तेच देऊन बनवलं. सरप्राइज!"

कडे नव्हते ते. माझ्या आईच्या पाटल्या होत्या.

आईने त्या वर्षानुवर्षं हातातून काढल्या नव्हत्या. धुणं, भांडी, परातीतलं पीठ, सगळं त्यांच्यासकट. वरची नक्षी पार गुळगुळीत झाली होती, फक्त कडेला एक बारीक वेल बोटाला लागायची. वर्षातून एकदा मी बँकेत जायचे, त्या काढून वेलीवरून बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे. आई गेल्यावर तिचं म्हणून माझ्याकडे एवढंच होतं. त्या क्षणी मला माझा मुलगा आवडला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू?

"माझ्या आईच्या पाटल्या मोडल्यास?" मी विचारलं. विहीणबाईंना मराठी कळत नाही, पण आवाज कळला. सुनेने मोबाइल खाली घेतला. ती हळूच म्हणाली, "मम्मीजी, मैंने कहा था, पहले पूछ लो." म्हणजे जयपूरच्या त्या मुलीला कळलं आणि माझ्या पोटच्याला नाही. लॉकर माझ्या आणि ह्यांच्या नावावर आहे, तेव्हा पाटल्या कुणी काढून दिल्या हे विचारायची गरजच नव्हती. हे ताटातल्या श्रीखंडाकडे बघत होते. दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रात ह्यांनी उभी हयात काढली, बियाण्याच्या पाकिटावरची चिठ्ठीसुद्धा कधी हरवू दिली नाही. बायकोच्या पाटल्यांबद्दल मात्र म्हणाले, "त्याला एवढी हौस होती गं."

मी डबी मिटली आणि आत निघून गेले. पाहुणे कधी गेले ते बघायला बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला रजा घ्यायला लावली. एखादी तरी पाटली अजून तशीच असेल, असं डोक्यात घेतलं होतं. मानसरोवरहून मेट्रोने बडी चौपडला उतरलो आणि जोहरी बाजारातल्या त्या दुकानात गेलो. सराफ भला माणूस होता. त्याने पंखा माझ्याकडे वळवला, पाणी मागवलं आणि म्हणाला, "माताजी, वो तो उसी दिन गला दिए थे." त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी पाणीही न पिता उठले.

परतीच्या मेट्रोत मी तोंड सोडलं. जयपूरमध्ये मराठी ही भांडायला फार सोयीची भाषा आहे, शेजारच्याला काही कळत नाही.

"तू कधी घालतच नव्हतीस," तो म्हणाला. "नुसत्या पडून होत्या."

"पडून होत्या, पण होत्या ना!"

"मला वाटलं तू... मतलब, तुला काही छान असावं. तू कधी स्वतःसाठी काही घेत नाहीस."

"मी मेल्यावर मोडायच्या होत्यास. तेवढं तरी थांबायचं."

तो म्हणाला, "आई, मला मराठीत भांडता येत नाही. हिंदीत बोलू?"

"नाही," मी म्हणाले.

त्याचे डोळे भरले. मला बरं वाटलं.

आता या गोष्टीला महिना झाला. हार कपाटात आहे, मी त्याला हात लावलेला नाही. ह्यांच्याशी कामापुरतं बोलते. घरात सगळ्यांना माझा राग पटलेला आहे, सुनेला तर माझ्यापेक्षा जास्त. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही.

लग्नानंतर मी जयपूरला निघाले, त्या सकाळी आई न्हाणीघरात साबणाच्या पाण्यात हात बुडवून बसली होती. पाटल्या निघता निघेनात. शेवटी ओढून काढल्या, मनगटाला खरचटलं. त्या तिने माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "लांब चाललीस. अडीनडीला मोड. अडलं नाही, तर मोडून तुला आवडेल ते कर. मला विचारत बसू नकोस."

हे मुलाला सांगितलं तर तो सुटेल. शेजारच्याच सेक्टरमध्ये राहतो, ऑफिसातून येताना रोज डोकावतो, चप्पल न काढता दारातूनच विचारतो, "आई, अजून रागावलीयस?"

मी हो म्हणते.