वाचणाऱ्या पोरीचे डोळे

आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचा गठ्ठा होता. सभेची, मोर्चाची, दुष्काळी कामांवर रोजगार मागणारी, सगळी पत्रकं बाबा चाकूरहून आणायचे आणि संध्याकाळी मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी कागद नाकाशी धरून झराझरा वाचायची. आलेल्या माणसाला बाबा अभिमानानं सांगायचे, "पोरगी कागदात कशी घुसून वाचते बघा."

शाळेत मात्र मी ढ ठरले होते. उंच म्हणून मागे बसायची आणि फळ्यावरची गणितं चुकीची उतरवायची. डोकं दुखतं म्हटलं की गुरुजी म्हणायचे, "अभ्यासाचं नाव काढलं की दुखतंय व्हय?" शेवटी त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, हिचं लक्ष नाही, यंदा ही पास होत नाही. आत्या टपलेलीच होती. "मग काढा की शाळेतून. घरात पाणी भरायला माणूस न्हाई." माझी शाळा बंद झाली. एरवी सरकारला जाब विचारणारे बाबा त्या रात्री गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर दिसला की ओरडायचं, हे काम माझ्याकडे होतं. बांधावर बसून मी रोज उशिरा ओरडायची आणि आमच्या घागरी ओळीत शेवटी लागायच्या. एकदा माय स्वतः शेजारी येऊन बसली.

"टँकर आला की गं! वरड ना!"

"कुठंय?"

तिनं माझी हनुवटी धरून तोंड रस्त्याकडे वळवलं. "त्यो काय, पिवळा."

"मला तर नुसती धूळच दिसतीया, माय."

"डोळे बारीक करून काय बघतीस? कवापासून असं दिसतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. लांबचं जग सगळ्यांनाच पुसट दिसतं, अशी माझी समजूत होती. घागरी तशाच सोडून माय घरी आली आणि बाबांना म्हणाली, "पोरीला लांबचं दिसत न्हाई."

"कसं शक्य हाय? बारीक अक्षर वाचते ती."

"कागद नाकाला लावून वाचती. तुम्हाला कौतुक सुचलं, मलाबी सुचलं."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं. वरचं एक मोठं अक्षर सोडलं तर मला काही सांगता आलं नाही. बाबा तक्त्याकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, "जवळचं छान दिसतं म्हणून घरच्यांच्या ध्यानात येत नाही. चष्मा रोज लावायचा."

घरी आल्यावर आत्यानं कपाळावर हात मारला. "पोरीच्या जातीला चष्मा? कोण करून घेईल हिला?"

माय म्हणाली, "आधी तिला फळा दिसू दे. नवऱ्याचं मागून बघू."

चष्मा घालून मी शाळेत गेले, तेव्हा बाबा दाराशी उभे होते. गुरुजींनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि मला मागच्या भिंतीपाशी उभं केलं. मी वाचली. त्यांनी ती पुसून आणखी बारीक लिहिली. तीही वाचली. गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि ते बाबांना म्हणाले, "येऊ द्या हिला." नंतर वर्गाला विचारलं, "आणखी कुणाला फळा दिसत नाही? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"गुरुजी," मी म्हणाले, "असं विचारून कळणार नाही. मला विचारलं असतं, तर मीही दिसतंय असंच सांगितलं असतं."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पहिल्या रांगेतल्या पहिल्या मुलाला उठवलं आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.