सिंहाच्या काळजातली देवी

पलूसच्या अंजनाबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पतीच्या मृत्यूनंतर. आणि तेव्हाही त्यांची नजर पाण्यावर नव्हती. त्या एक दगडी सिंह शोधत होत्या.

त्यांचे पती लालासाहेब फौजेत हवालदार होते. तरुणपणी मद्रासला नेमणूक असताना ते एकदा महाबलीपुरमला जाऊन आले. पुढे प्रत्येक रजेत, उसाला पाणी पाजता पाजता, तीच हकीकत सांगत राहिले: किनाऱ्यावर जुनी, समुद्राच्या वाऱ्याने झिजलेली देवळे आहेत, तिथे एक सिंह आहे आणि त्याच्या छातीत कोरलेल्या कोनाड्यात एवढीशी देवी आहे. "सिंहाच्या काळजातच बसलीय म्हन की! तिची वटी तुज्या हातनं भरायची, तसं बोलून आलोय मी." ऊसतोड, मुलांच्या शाळा, घराचे बांधकाम यांत ते जाणे राहून गेले.

लालासाहेब वारले आणि ओटी भरण्याचा अधिकारच अंजनाबाईंच्या हातून गेला. तसा हुकूम कोणी काढला नाही. नवरात्रात औंधच्या यमाईपुढे जावेने त्यांच्या हातातले ताट हळूच काढून घेतले, इतकेच. आपल्याकडचा निर्दयपणा बहुधा असाच असतो. त्याला आवाज नसतो, आणि तो करणारी माणसे प्रेमाचीच असतात.

त्या दिवसापासून अंजनाबाईंच्या मनाने घेतले की दिलेला शब्द तरी आपल्या हातून पुरा व्हावा. विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवणारी त्यांची सून संयोगिता अखेर सुट्टी काढून त्यांना घेऊन निघाली. पिशवीत खण, नारळ आणि घरचे तांदूळ होते.

सिंह सापडला. सांगितला होता तसाच, फक्त मनातल्यापेक्षा लहान. अंजनाबाईंनी वाकून पिशवी उघडली, आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजली.

"अम्मा, इधर पूजा नहीं."

"देवी तो है ना?"

"है. पर पूजा बंद."

अंजनाबाई सुनेकडे वळल्या. "ह्यो बी आपल्याच गावचा दिसतोय गं."

संयोगिताला हसू आले; पण सासू नारळ परत पिशवीत ठेवताना दिसली आणि ते विरले. ती म्हणाली, "आत्या, गावात दुसरं देऊळ आहे, तिथे रोज पूजा होते. माझ्याकडे टिकली आहे, ती लावा. कोण विचारतंय?"

"आन् देवीनंच इचारलं तर? एवढ्या लांब येऊन तिच्याशी खोटं बोलू व्हय? ह्येंचा शबुद हाय. चोरून फेडायचा न्हाई."

परतताना रस्त्याकडेच्या छपरातून छिन्नीचा आवाज येत होता. मूर्ती घडवण्याचे काम या गावात अजून चालते. आत एक देवी उभी होती. शस्त्रे, दागिने, पायाखालचा महिष, सारे पुरे झालेले. डोळ्यांच्या जागी मात्र गुळगुळीत दगड. कारागिराने मोडक्या हिंदीत समजावले की डोळे सर्वांत शेवटी, मुहूर्त पाहून उघडायचे. तोवर हा दगडच.

"म्हंजे हिनं अजून जग बघितलंच न्हाई?" अंजनाबाईंनी सुनेला विचारले.

"नाही, आत्या."

"मग कुनाच्या हातचं घ्यायचं आन् कुनाच्या न्हाई, ते हिला अजून कुनी शिकवलेलं नसंल."

संयोगिताने विनंती करताच कारागीर छिन्नी ठेवून बाजूला सरला. अंजनाबाईंनी मूर्तीच्या पायांवरची दगडाची भुकटी पदराने पुसली, खण पसरला, त्यावर नारळ ठेवला आणि तांदळाची ओंजळ रिकामी केली. कपाळ उघडे होते. ते त्यांनी झाकले नाही.

बाहेर आल्यावर संयोगिता म्हणाली, "झालं ना मनासारखं?"

"झालं. पर ह्येनी जिला शबुद दिला ती ही न्हवं." मागे वळून त्या म्हणाल्या, "मला परत तिकडं ने."

संध्याकाळी देवळांचे फाटक बंद झाले होते. अंजनाबाई कुंपणापाशी उभ्या राहिल्या. "ह्ये कुठं उभं ऱ्हायलं असतील गं?"

उत्तराची वाट न पाहता कुंपणाच्या कडेने त्या चालत राहिल्या; चार पावलांवर थांबायच्या, आणि तिथून सिंहाची छाती दिसते का ते पाहायच्या.