राहुकाळ संपला की

टाइपरायटर विकून मी कॉम्प्युटर घेतला आणि राजवाड्यामागच्या गल्लीत विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायला लागले. तेव्हापासून हा एम.फिल.वाला रोज माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसतो. पेनाचं टोपण काढतो, लावतो, पुन्हा काढतो. कागद कोराच. विचारलं की ठरलेलं उत्तर, "राहुकाळ आहे अक्का. संपला की सुरू करतो." राहुकाळ संपला की कॉफी, कॉफी संपली की यमगंडम. तंजावुरात टाळाटाळ करणाऱ्याला अशुभ वेळांची कमी नाही!

मूर्ख असता तर मी चिडलेही नसते. कावेरीच्या कालव्यांवर बोलायला लागला की माझी बोटं कीबोर्डवर थांबतात. आणि सोमवारी प्रबंध दिला नाही तर याचं वर्ष बुडणार.

काल दुपारी तीन वाजत आले, त्यानं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच्यापुढचा कागद ओढून मी लिहिलं, 'कालवा म्हणजे एक मोठं गटार.'

"अय्यो अक्का, हे काय लिहिलंत!" तो संतापला. माझं वाक्य खोडून त्यानं खाली स्वतःचं लिहिलं. मग दुसरं. मग पान उलटलं.

तीन वाजले. "राहुकाळ लागला रे," मी मुद्दाम म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. "लागू दे. आधी सुरू केलेलं काम राहुकाळात चालतं."

म्हणजे मेल्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं!