चाळीस खुर्च्या आणि थाबो

लिहू की नको, यात दोन महिने गेले. मी या साइटचा जुना वाचक आहे, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे मराठीत सलग असं कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागतो. आणि ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला मराठी येत नाही, त्याच्या माघारी लिहितोय... त्याची माफी कुणाकडे मागायची, ते मला कळत नाही.

माझा असल्या अतर्क्य गोष्टींवर विश्वास नव्हता. माझे वडील जिंतूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. गाडी आपोआप बंद पडत नसते, कारण असतंच, आपल्याला सापडलेलं नसतं, असं ते म्हणायचे. मी तेच ऐकत वाढलो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुढे स्कॉलरशिप मिळाली आणि कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबरात, मी एमएस्सीसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आलो. शहरात खोली परवडेना म्हणून शेजारच्या बेस्ट नावाच्या गावात राहिलो. पाच भाडेकरूंचं घर, मागे छोटं अंगण आणि अंगणात सायकली ठेवायची लाकडी शेड.

त्या घरात थाबो होता. दक्षिण आफ्रिकेतला, ब्लूमफॉन्टेनच्या बाहेरच्या वस्तीतला. तोही घरातला पहिलाच शिकलेला. क्लास ऑनलाइन, दुकानं बंद, ओळखीचं कोणी नाही. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच समोरासमोर बसायचो. तो बेस गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. त्याच्या बँडचं नाव 'द थर्ड बोअरहोल'. मी अर्थ विचारला तर म्हणाला, आमच्या गल्लीत पहिले दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्याला पाणी लागलं. मी म्हटलं, आमच्याकडेही बोअरच म्हणतात, आणि आमच्याकडे पाचवाही कोरडा जातो. तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. आमची दोस्ती तिथून.

घरात पुण्याचा निनाद होता. तो मला चिडवायचा, "जिंतूरकर, तुझ्यासाठी बँड म्हणजे वरातीतला ना? यांना विचार, घोडा कुठे बांधायचा." खोटं कशाला सांगू, मला खरंच तेवढंच माहीत होतं.

बँडमध्ये तिघं. थाबो, एक ड्रमर आणि गाणारी मारिके. मारिकेही ब्लूमफॉन्टेनचीच, पण गोऱ्यांच्या भागातली. एका गावातले हे दोघं भेटले ते मात्र आइंडहोवनमध्ये. कुठेच जागा मिळत नव्हती, म्हणून ते दुपारी आमच्या शेडमध्ये सराव करायचे. मी सायकली बाहेर काढून द्यायचो. थाबो मला आत बसू द्यायचा नाही. म्हणायचा, बाहेर थांब, दारावर तळहात सपाट ठेव. बेस कानाने ऐकायचा नसतो, लाकडातून हाताला लागला पाहिजे. आणि खरंच लागायचा. मला संगीतातलं तेवढं एकच कळलं.

त्या शेडमधला एक व्हिडिओ त्यांनी टाकला आणि तो कुठच्या कुठे गेला. गाणं थाबोचं, चाल थाबोची, आवाज मारिकेचा. इथल्या रेडिओवर लागलं. पेपरमध्ये फोटो आला, त्यात मारिके पुढे आणि थाबो मागे, अर्धा सायकलीच्या हँडलआड. मग अ‍ॅमस्टरडॅमहून एक मॅनेजर आला. मुलाखतीत मारिके प्रत्येक गाण्याबद्दल "आम्ही लिहिलं" म्हणायची. थाबो काही बोलला नाही. मला वाईट वाटायचं, पण मी तरी कुठे काय बोललो?

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात थाबोच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. तीन आठवड्यांत येतो, म्हणून तो गेला. आईला घरी आणलं, बहिणीने रजा काढली, याने परतीचं तिकीट केलं... आणि तिकडे नवा व्हेरियंट सापडला. विमानं बंद. दुसरं तिकीट काढलं, तेही रद्द झालं. इकडे मॅनेजरने डिसेंबरातला एक कार्यक्रम ठरवून ठेवला होता. त्याचं शूटिंग होणार, उन्हाळ्यातल्या मोठ्या फेस्टिव्हलवाल्यांना ते दाखवणार. म्हणजे या एका दुपारी जो वाजवेल, तोच पुढे जाणार. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. थाबोलाही.

यास्पर नावाचा एक डच मुलगा बेस वाजवायला आला. मारिके मला म्हणाली, थाबोला इतक्यात सांगू नकोस, आम्हीच नीट सांगू. मी मान डोलावली.

दोन दिवसांनी थाबोचा फोन आला. आईचं, हवेचं, निनादचं सगळं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "माझ्या जागी कोणी वाजवतंय का?"

मी म्हणालो, "मला संगीतातलं काय कळतं?"

तो मग म्हणाला, ते पण खरंच. आणि फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दाराचं काम माझ्याकडे होतं. व्हॉलंटियर म्हणून हे काम थाबोनेच मला मिळवून दिलं होतं. बँडवाल्यांत मिसळशील, असा एकटा सडू नकोस, म्हणाला होता. मला एक्सेल बरं येतं म्हणून यादीही मीच करायचो. प्रेक्षक कुठल्या खुर्चीवर, स्टेजवर कोण, कॅमेऱ्यामागे कोण. यादीत नाव नाही त्याला इमारतीत पाऊल नाही, असा कडक नियम. आदल्या दिवशी मारिकेचा फोन आला, थाबोचं नाव काढून यास्परचं टाक, फक्त यादीपुरतं. मी ती ओळ निवडली आणि डिलीट केली. एक सेकंदाचं काम. मी स्वतःला समजावलं की नियम आहे, माझा व्हिसा आहे, मी परका माणूस. यातलं काहीच खोटं नाही. पण मारिकेने स्वतः मला फोन केला याचा त्या क्षणी मला आनंद झाला होता, हेही खोटं नाही.

रविवार, दुपारचे दोन. कोविडच्या नियमांमुळे संध्याकाळी पाचला सगळं बंद व्हायचं, म्हणून कार्यक्रम दुपारचा. आइंडहोवनमधल्या एका जुन्या कारखान्याच्या कँटीनचा हॉल. दीड मीटर अंतर ठेवून चाळीस खुर्च्या. बाहेर बारीक पाऊस, दोन-तीन डिग्री असेल. माझ्या हातात माणसं मोजायचा क्लिकर. लॉबीत कोट घ्यायला योके नावाच्या साठीच्या बाई होत्या. चाळीस जण आले, चाळीस क्यूआर कोड स्कॅन झाले, चाळीस क्लिक. मी हॉलचं जाड लाकडी दार लावलं आणि बाहेर लॉबीत उभा राहिलो. आत पहिलं गाणं सुरू झालं. थाबोचंच.

तेव्हा तो आला.

अंगात कोट नव्हता. फिकट रंगाचा पातळ अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोंडावर कापडी मास्क. मी सवयीने क्लिकर दाबला आणि डचमध्ये म्हणालो की हॉल भरलाय. माझं डच तेवढ्यापुरतंच आहे. त्याने मोबाईल काढला नाही, तिकीट दाखवलं नाही. तो माझ्या बाजूने दाराशी गेला, उजवा तळहात दारावर सपाट ठेवला, आणि मान किंचित वाकवून थांबला.

मी ओळखलं. वाचणाऱ्यांना वाटेल की नंतर आठवून लिहितोय. नाही, मी तिथेच ओळखलं. आणि ओळखल्यावरसुद्धा माझ्या डोक्यात काय आलं, तर आतला कॅमेरा. आत यास्पर वाजवतोय आणि हा जर आत गेला तर... थाबो नऊ हजार किलोमीटर दूर आहे, हा विचार त्यानंतर आला.

मी इंग्रजीत म्हणालो, "यादीत तुझं नाव नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी फोनवर जे बोललो होतो, त्यानंतर तो असाच बघत बसला असेल, असं मला वाटलं. मग त्याने हात काढला आणि बाहेरच्या काचेच्या दारातून निघून गेला. मी धावत गेलो, तर रस्ता दोन्हीकडे लांबपर्यंत रिकामा.

परत आलो तेव्हा योकेबाई हँगर नीट लावत होत्या. म्हणाल्या, "तो मुलगा कोटाशिवाय आला होता? एवढ्या थंडीत? आणि शर्ट पण कोरडा होता रे त्याचा."

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं. कोट घेणाऱ्या बाईचं लक्ष कोटाकडेच जाणार. शर्ट कोरडा होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. क्लिकरवर एक्केचाळीस आकडा होता.

नंतर मी योकेबाईंना थाबोचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, असेल, नसेल, मास्क होता ना. निनादला तेवढंच सांगितलं की दारात थाबोसारखा कोणीतरी दिसला. तो म्हणाला, तू आठवडाभर नीट झोपला नाहीस, कोणीतरी वाटसरू पावसात आडोशाला आला असेल. पावसातून आलेला वाटसरू कोरडा कसा, असं विचारलं तर म्हणाला, आधी झोप. दारातल्या त्या मुलाला मी काय बोललो, ते मात्र मी निनादला सांगितलं नाही. योकेबाई लांब होत्या, त्यांना ते ऐकू गेलं नव्हतं. खरं तर ते वाक्य मी आज इथेच पहिल्यांदा लिहितोय.

कार्यक्रम उत्तम झाला. फेस्टिव्हल मिळाले. आठवडाभरात मॅनेजरच्या ऑफिसमधून थाबोला ईमेल गेला, 'पुढील काळासाठी शुभेच्छा' असा. मारिकेने फोन केला की नाही, मला माहीत नाही. मी केला नाही. काय बोलणार होतो? एकदा "कसा आहेस" असं टाइप केलं आणि पुसलं. बँड आता मोठा झालाय. त्या शेडचं चित्र टी-शर्टवर छापून विकतात. मारिके दिसली की हात हलवते, मीही हलवतो.

कारण शोधायचा मी प्रयत्न केला. अपराधीपणामुळे भास झाला म्हणावं, तर योकेबाईंना कसला अपराधीपणा? मला आजही काही सांगता येत नाही, आणि ओढूनताणून काही सांगायची इच्छाही नाही.

एप्रिलमध्ये मला एका अनोळखी नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. थाबोची बहीण, नालेदी. आवाज शांत होता. म्हणाली, थाबोला डिसेंबरात कोविड झाला होता, ताप डोक्यात गेला होता. आता बरा आहे, आईचं सगळं करतो, बेसला हात लावत नाही. त्या तापात एका रविवारी दुपारी तो अंथरुणातून उठला आणि कपाटाच्या दारावर तळहात ठेवून उभा राहिला. आत माझं गाणं वाजतंय, पण यादीत माझं नाव नाही म्हणतात, असं काहीतरी बोलत होता. तिने धरून त्याला झोपवलं. तापातली बडबड म्हणून ती विसरूनही गेली होती.

पण गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच तुझा नंबर दिला, म्हणाली. तो तुझ्यावर चिडलेला नाही. दारावरच्या माणसाला नियम पाळावेच लागतात, हे त्याला कळतं. त्याला फक्त एवढंच विचारायचंय, की ती यादी कोणी केली होती?