भारतचा एक दिवसाचा ब्रेक

बदनापुरात स्टेशनमागच्या गल्लीत भारतला आडनावानं कुणी ओळखत नसे. 'टेंपररी भारत' म्हटलं की रिक्षावाला बराबर दारात उतरवी. बियाण्याच्या कंपनीत आठ वर्षं झाली, पण करार अकरा महिन्यांचा. मग एक दिवस ब्रेक, की पुन्हा नव्यानं सही. त्या दिवशी तो ओट्यावर तांदूळ निवडत बसे आणि येणारेजाणारे विचारीत, "काय, रिटायर झालात म्हणं?"

गडी मोबाइलवर स्पॅनिश शिकला होता. मिरचीचं बियाणं घेणाऱ्या मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांना पत्रं तोच लिही. त्या भाषेत 'आहे'ला दोन शब्द आहेत, ढोबळमानानं एक कायमच्याला, एक तात्पुरत्याला, हे गल्लीत सांगून त्यानं चूक केली. वर म्हणाला, गाव कुठं आहे हे सांगायला मात्र तात्पुरत्याचाच लागतो.

"मंग बदनापूर हालून राह्यलं काय?" शेजारच्या पप्पूनं विचारलं. "आन् नोकरीला कोणता?"

"कायमचा. करार कितीचा बी असू दे."

"म्हंजे तू फक्त स्पॅनिशमधी पर्मनंट हैस."

भारत हसला. पण वय एकोणचाळीस, आणि 'पोरगा पर्मनंट हाय का?' एवढ्याच प्रश्नावर सात स्थळं परत गेल्ती.

आठवं पप्पूनंच आणलं. घनसावंगीच्या अप्पारावांची राजनंदिनी, सरकारी दवाखान्यात नर्स. पप्पूनं परस्पर काय ठोकून दिलंय, हे भारतला कळलं ते थेट पोह्यांची बशी हातात आल्यावर.

"पर्मनंट हैत म्हणल्यावर आमाला बाकी काय इचारायचं न्हाई," अप्पाराव म्हणाले.

भारतला ठसका लागला. राजनंदिनीनं न मागता पाण्याचा तांब्या पुढं केला. पोरगी त्याला मनापासून आवडली होती. सतरंजीवर पप्पू हळूच त्याचा पाय दाबत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाई मामा," भारत म्हणाला. "अकरा महिन्यांचा करार हाय. आठ वर्षं झाली."

अप्पारावांनी बशी खाली ठेवली. पप्पू पंख्याची पाती मोजायला लागला.

"पुढचा ब्रेक कधी हाय तुमचा?" राजनंदिनीनं विचारलं.

भारतनं दचकून पाहिलं. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "सतरा तारखेला."

"माझा गेल्या महिन्यात झाला. मी बी करारावरच हाय." ती वडिलांकडं वळली. "बापू, साखरपुडा सतराला धरा. यांना सुटी हायच. मी रजा टाकते."

अप्पारावांनी एकदा पोरीकडं, एकदा भारतकडं पाहिलं. मग त्यांनी बशी पुन्हा उचलली.